धान्याची ओली रास

मागच्या रमजानमध्ये तरावीह आटोपून मी घरी आलो, तर भाचा ओट्यावर बसलेला. धाकट्या बहिणीचा मुलगा. सरकारी नोकरीत आहे, दोन मुलांचा बाप आहे. बायकोमुलांना न आणता एकटाच गावी आला, तेव्हाच मनात शंका आली होती. चहा झाला, इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग खाली मान घालून तो म्हणाला, "मामू, एक विचारायचं होतं. माझा पगार हलाल आहे का?"

मला वाटले, कुणाकडून पैसे घेतले असतील. टेबलाखालून काय चालते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तसे मी विचारलेही. तो म्हणाला, "एक पैसा घेतला नाही कधी. मी पदकाचं म्हणतोय."

पदक म्हटल्यावर मी गप्प झालो. त्या पदकामागे काय होते याचा अंदाज मला इतकी वर्षे होता आणि या वर्षांत मी एकदाही त्याला विचारले नव्हते.

आमचे गाव परंडा तालुक्यातले. उरुसाला कुस्त्यांचा फड भरतो. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग पैशांच्या आणि दिवस कलताना शेवटची मोठी जोड. हलगी वाजू लागली की शेतातली माणसे हातातले काम टाकून येतात. वस्ताद मराठा आणि शागीर्द मुसलमान, किंवा त्याच्या उलट, यात कुणाला काही विशेष वाटत नाही. आपल्या भागातल्या मुसलमानांना कुस्तीचे वेड किती, हे बोरामणीच्या नावावरून कळावे. नळदुर्गहून सोलापूरला जाताना लागणाऱ्या या गावच्या शेख घराण्याने तीन महाराष्ट्र केसरी दिले: १९८० साली इस्माईल शेख, १९९२ साली आप्पालाल शेख आणि २००२ साली मुन्नालाल शेख. भाच्याने घरातल्या भिंतीवर आप्पालाल शेख यांचा वर्तमानपत्रात आलेला फोटो चिकटवला होता. येता-जाता तो फोटोला सलाम करायचा.

पोरगा अंगाने चांगला होता. गावच्या वस्तादांनी त्याला मातीत तयार केले. पण मातीतला मुलगा गादीवर टिकेना, म्हणून २००८ साली मी त्याला जिल्ह्याबाहेरच्या एका शहरातल्या तालमीत नेऊन सोडले. खुराकाचा खर्च मी उचलला. दूध, तूप, बदाम असा पहिल्या वर्षीचा हिशेब मला कळत होता. दुसऱ्या वर्षी हिशेबात 'पावडर' आली, मग 'गोळ्या' आल्या, मग नुसतेच 'औषध'. रक्कम दुप्पट झाली. बकरीदला घरी आला तेव्हा मान आणि खांदे एकाएकी भरलेले, पाठभर पुटकुळ्या आणि आईशी बोलताना आवाज चढलेला. बहीण म्हणाली, "भाईजान, पोरगा बदललाय." मी म्हणालो, "अंगात ताकद आली की तसं होतं." मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. मला न कळण्यासारखे त्यात काही नव्हते.

२०११ साली राज्य स्पर्धेत त्याला पदक मिळाले. त्या पदकाच्या आधारावर ५ टक्के क्रीडा आरक्षणातून नोकरी लागली. गावात मिरवणूक निघाली. मी भाषण केले. मेहनतीचे फळ गोड असते, असा काहीसा माझा विषय होता.

मी मौलवी नाही. हलाल-हरामचा निवाडा देणे माझे काम नव्हे. पण या प्रश्नात माझाही वाटा आहे, म्हणून त्याचा विचार करणे मला टाळता येत नाही.

खेळात ताकदीचे औषध घेणे वाईट का? पहिले उत्तर तब्येतीचे मिळते आणि ते खरेच आहे. स्नायू वाढवणारी स्टेरॉइड्स यकृताला आणि हृदयाला इजा करतात. वाढीच्या वयातल्या मुलाने ती घेतली तर हाडांची वाढ वेळेआधीच थांबू शकते. मेफेंटरमाइनचे इंजेक्शन असते ते शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी. महाराष्ट्रात ते व्यायामशाळांतल्या पोरांना चोरून विकणारे लोक पकडले गेले आहेत. तरीही या उत्तराने माझे समाधान होत नाही. पैलवान शरीराची नासाडी औषधावाचूनही करून घेतो. कान मोडतात, गुडघे जातात, वजन उतरवण्यासाठी पोरे पाणी तोडतात. त्याला तर आपण त्याग म्हणतो.

दुसरे उत्तर असे की, औषधामुळे सामना बरोबरीचा राहत नाही. पण तो बरोबरीचा होता कधी? ज्याच्या गोठ्यात चार म्हशी आहेत त्याचा खुराक वेगळा आणि शेतमजुराच्या पोराचा वेगळा. एकाला गादी, प्रशिक्षक, मालिश करणारा माणूस. दुसऱ्याला गावाबाहेरची पत्र्याची तालीम. भाचा हेच म्हणाला, "मामू, त्यांच्याकडं सगळं होतं. माझ्याकडं फक्त तुम्ही पाठवलेले पैसे होते. मला वाटलं, मी फरक भरून काढतोय."

तिसरे उत्तर: नियमात बसत नाही म्हणून वाईट. पण नियम तर बदलत असतात. ठरावीक मर्यादेपुढचे कॅफीन २००३ पर्यंत बंदीच्या यादीत होते. २००४ पासून ते यादीतून निघाले. म्हणजे एका वर्षीचा गुन्हा पुढच्या वर्षी गुन्हा राहिला नाही. नियम पाळायला हवेत हे खरे, पण एखादी गोष्ट मुळात वाईट का, हे नुसत्या नियमावरून कळत नाही.

मला उत्तर सापडले ते हदीसमधल्या एका प्रसंगात. तो आपण सगळ्यांनी लहानपणी मदरशात किंवा घरात ऐकलेला आहे. पैगंबरसाहेब बाजारातून जात असताना धान्याच्या एका राशीत हात घालतात. वरचे धान्य कोरडे, आतले ओले. विकणारा म्हणतो, पावसाने भिजले. ते विचारतात की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, असे बजावतात.

या प्रसंगात धान्य ओले असणे हा अपराध नाही. पाऊस कुणाच्या हातात नसतो. आपल्या आडत बाजारात ओली ज्वारीही विकली जाते, ओलीच्या भावाने. अपराध आहे तो वर कोरडा थर पसरण्याचा. घेणाऱ्याला कळू न देण्याचा.

औषधाचेही तसेच आहे. पोराला रोज दोन लिटर दूध पाजणारा बाप ते चारचौघांत अभिमानाने सांगतो. जोर-बैठका किती मारल्या ते पैलवान न विचारता सांगतो. पण सुई कुठल्या खोलीत, किती वाजता टोचली, हे कुणी सांगत नाही. हलगी वाजत असताना, हात मिळवण्याआधी, "मी अमुक औषध घेतले आहे, आता बोल, लढतोस का?" असे समोरच्याला विचारणारा पैलवान मी पाहिला नाही. विचारले तर त्या औषधाचा उपयोगच उरणार नाही.

कुणी म्हणेल, डावही लपवलेलाच असतो. खरे आहे. पण डाव लपवला जातो हे समोरच्याला ठाऊक असते. तो पडला की अंगाला कळतो, त्याला तोड असते आणि पुढच्या वर्षी तोच डाव तो तुमच्यावर टाकू शकतो. औषधाचा डाव कधी पडलाच नाही असे दाखवायचे असते. हरलेल्याने समजायचे असते की आपली मेहनत कमी पडली. नूरा कुस्तीत दोन्ही पैलवान मिळून प्रेक्षकांना फसवतात, म्हणून आपण शिट्ट्या मारून त्यांना फडाबाहेर काढतो. औषधाच्या कुस्तीत एक पैलवान दुसऱ्याला फसवतो आणि आपण त्याला खांद्यावर घेतो.

मग नियतीचे काय? आपल्याकडे कुठल्याही कामाचे मोल आधी नियतीवरून ठरते. खेळाचा कायदा उलट्या टोकाकडून सुरू होतो. अंगात काय सापडले ते तो आधी पाहतो. ते तिथे कसे आले, ही जबाबदारी खेळाडूची. नियतीचा विचार नंतर, शिक्षा किती द्यायची ते ठरवताना. क्रिकेटपटू युसूफ पठाणच्या २०१७ मधल्या नमुन्यात टर्ब्युटलीन सापडले. ते खोकल्याच्या औषधात असते. चुकून घेतले गेले, हे त्याचे म्हणणे क्रिकेट मंडळाने मान्य केले आणि बंदी पाच महिन्यांची झाली. विरारच्या पृथ्वी शॉला २०१९ मध्ये त्याच पदार्थासाठी आठ महिन्यांची बंदी आली.

आणि नरसिंग यादव. महाराष्ट्राच्या कुस्तीला बसलेला हा सगळ्यात मोठा चटका. २०११, २०१२, २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवून त्याने रिओ ऑलिंपिकमध्ये भारताची जागा पक्की केली. ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच्या नमुन्यांत मेथँडिनोन हे स्टेरॉइड सापडले. त्याचे म्हणणे, आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळले. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, समितीने ते मानले आणि १ ऑगस्ट २०१६ रोजी त्याला निर्दोष ठरवले. जागतिक संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली. १८ ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. घातपाताचा पुरावा नाही आणि शास्त्रीय अंदाज गोळी जाणूनबुजून घेतल्याकडे झुकतो, असे लवादाचे मत पडले. नरसिंगने आरोप कधी मान्य केला नाही. लवादाला पुराव्यावर निकाल द्यायचा होता, तो त्याने दिला. मनात काय होते ते अल्लाहला आणि त्याला स्वतःलाच ठाऊक.

मला त्या दिवसांतले स्वतःचे वागणे आठवते. १ ऑगस्टला मी पेढे वाटले. १८ ला म्हणालो, "कट आहे." दोन्ही वेळा माझ्यापाशी पुरावा काहीच नव्हता, नरसिंग आपला होता, एवढेच. २००६ साली शोएब अख्तर आणि मोहम्मद आसिफ यांच्या नमुन्यांत नँड्रोलोन सापडले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत काही जण खूश झाले आणि मी चिडलो. अपिलात ते सुटले तेव्हा मी खूश झालो आणि ते चिडले. पठाणच्या वेळी आमच्या नाक्यावरच्या हॉटेलात एक जण म्हणाला, आपल्या पोरालाच बरोबर अडकवतात. शॉच्या वेळी तोच पदार्थ निघाला, पण या हॉटेलात कुणी काही बोलले नाही. माप एकच असले पाहिजे, घेतानाही आणि देतानाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. आपण ते दुकानदारापुरते समजून बसलो आहोत.

२०२५ च्या सुरुवातीला तुळजापुरातले एमडीचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा सगळा धाराशिव जिल्हा हादरला. आईबाप पोरांचे खिसे तपासू लागले. ते योग्यच होते. पण ज्या नशेने पोरगा वाया जातो तिला आपण भितो आणि ज्या औषधाने पोरगा जिंकतो त्याची साधी चौकशीही करत नाही. २०२३ साली भारतातल्या खेळाडूंचे ५,६०६ नमुने तपासले गेले, त्यांत ३.८ टक्के दोषी निघाले. पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत इतके मोठे प्रमाण दुसऱ्या कुणाचे नव्हते. हे तपासलेल्यांचे झाले. उरुसातल्या आणि जत्रेतल्या फडात नमुना घ्यायला कोण येतो? नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिव शहरात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. शिवराज राक्षे आणि हर्षवर्धन सदगीर यांची शेवटची कुस्ती पाहायला आमच्या गावातूनही जीप भरून पोरे गेली. परतल्यावर त्यांच्या बोलण्यात गदा होती, इनाम होते, नोकरी होती. बारावीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, अंग लवकर भरायला काय घ्यावं?" काय करावे, असे त्याने विचारले नाही.

गरिबीचे कारण पुढे केले जाते. ते मी हसण्यावारी नेत नाही. भाच्याची गरिबी मी जवळून पाहिली आहे. पण याच जिल्ह्यात सारिका काळे आहे. खो-खोसारखा खेळ, ज्यात तेव्हा ना पैसा होता ना नाव. अनेक वर्षे घरात एका वेळच्या जेवणावर दिवस काढले, असे तिने स्वतः सांगितले आहे. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. गरिबी मोह वाढवते, पण निवड संपवत नाही. मात्र हे वाक्य गरिबाला ऐकवण्याचा अधिकार कुणाला आहे, याचाही विचार करावा. भाच्याला मला तरी नाही. औषधाचे पैसे माझ्या पगारातून गेले होते.

आता त्याच्या प्रश्नाकडे येतो. खेळाच्या कायद्याने त्याचे प्रकरण केव्हाच संपले आहे. दहा वर्षे उलटली की कारवाई करता येत नाही. तो कधी सापडलाही नव्हता. पण आपल्याकडे हक्काचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक अल्लाहचा हक्क, दुसरा बंद्यांचा. नमाज चुकली, रोजा चुकला, तर तौबाचा दरवाजा उघडा आहे. माणसाचा हक्क मारला असेल तर आधी त्या माणसाकडे जावे लागते. तो माफ करील तेव्हाच. रात्रभर सजद्यात पडून राहिले तरी शेजाऱ्याचा बांध परत सरकत नाही.

इथेच औषध घेणारा अडकतो. चोराला ठाऊक असते, कुणाच्या घरात शिरलो. जिंकलेल्याला आपण कुणाकुणाचे काय घेतले याची यादीच करता येत नाही. उपान्त्य फेरीत हरलेला, पदकाच्या कुस्तीत हरलेला, त्या नोकरीच्या यादीत खाली राहिलेला, आणि ज्याच्या बापाने "बस झालं आता" म्हणून तालीम सोडवली तो. यातल्या कुणालाही ठाऊक नसते की आपले काही घेतले गेले आहे.

कधी कधी घेतलेले परत देण्याची वेळ येते आणि घेणारा नाही म्हणतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये योगेश्वर दत्तला रशियाच्या बेसिक कुदुखोवने हरवले होते. कुदुखोवला रौप्य मिळाले, योगेश्वरला पुढे ब्राँझ. २०१३ मध्ये कुदुखोव मोटार अपघातात गेला. २०१६ मध्ये बातमी आली की त्याचा जुना नमुना दोषी निघाला असून रौप्य योगेश्वरला मिळणार. योगेश्वरने जाहीर केले की पदक त्याच्या घरच्यांकडेच राहू द्यावे, माणुसकी मोठी. पुढे ते प्रकरण मिटले आणि पदक काढून घेतले गेले नाही. पण योगेश्वर बोलला तेव्हा आपले काहीतरी गेले आहे असे समजूनच बोलला. माफी अशी असते. मात्र ती ज्याचे गेले त्यानेच द्यायची असते. आपण प्रेक्षकांनी "जाऊ द्या, जुनी गोष्ट आहे" म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान करणे.

मी भाच्याला म्हणालो, "तू रोज ऑफिसात जाऊन काम करतोस, त्या कामाचा मोबदला घेतोस. त्याला हराम म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण त्या खुर्चीपर्यंत ज्या वाटेनं गेलास ती वाट दुसऱ्याच्या शेतातून होती. नोकरी सोड असंही मी म्हणत नाही. तुझ्या पोरांनी काय केलंय? आधी पदकाच्या कुस्तीत ज्याला हरवलंस त्याच्या घरी जा."

तो म्हणाला, "एकटा जाऊ?"

ईद झाल्यावर आम्ही दोघे गेलो. तो माणूस शेजारच्या तालुक्यातला. साखर कारखान्याच्या हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवतो. त्याने ओळखले, बसवले, पाणी दिले. भाच्याने सगळे सांगितले. मी पैशांचे माझे सांगितले. तो बराच वेळ जमिनीकडे पाहत होता. मग म्हणाला, "त्या दिवसानंतर वडलांनी खुराक बंद केला. मला आजवर वाटायचं, मीच कुठंतरी कमी पडलो."

भाच्याने माफी मागितली. तो म्हणाला, "आत्ता काही बोलत नाही. विचार करून सांगतो."

परतताना मोटारसायकलवर आम्ही दोघे काही बोललो नाही. ऑफिसात सांगावे का, असे भाच्याने नंतर विचारले. त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी म्हणालो, "आधी त्याला बोलू दे. तू सांगायचं की नाही, यात त्याचाही शब्द आहे." त्या बारावीतल्या मुलाला मात्र मी घरी बोलावले आणि हे सगळे, नाव न घेता, सांगितले. गावात पुन्हा भाषण करण्यापेक्षा ते बरे वाटले.

त्या माणसाचा फोन अजून आलेला नाही. भाचा दर जुम्याला मला विचारतो.